इंजिन चालू असताना बॅटरीची वायर सोडू नका, आणि मशीनच्या वायरीवर एक डायोड लावून घ्या



बंदी सुरू आहे. ३१ जुलैपर्यंत बोटी वरच राहणार. कुणाचं रंगकाम चाललंय, कुणी फळी बदलतोय, कुणी इंजिन उतरवलंय, घराघरात जाळी विणायला बसलेत. दरवर्षी आपण या दोन महिन्यांत बोटीचं सगळं बघतो, फक्त वायरिंग बघत नाही. वायरिंगकडे आपण कधी बघतो? दिवा लागला नाही तर. म्हणून हा लेख. थोडा लांब झालाय, पण बोटमालकांनी आणि तांडेलांनी शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती.

मे महिन्यात आपल्याच सोसायटीतल्या एका बोटीवर काय झालं ते बंदरात बहुतेकांना माहीत आहे. नाव लिहीत नाही, मालकानेच सांगितलं की गोष्ट लिहा, नाव नको. बोट चाळीसेक मैल बाहेर होती. रात्रीची वेळ, वारा वाढत होता, दोन दिवसांपासून केबिनमधले दिवे मधूनमधून लुकलुकत होते. एका खलाशाने बॅटरी बघितली तर टर्मिनलवर हिरवा-पांढरा कीट चढलेला. पोरगा कामाचा, त्याने पाना घेतला, क्लॅम्प सैल करून काढला, चाकूने घासला आणि परत बसवला. हे सगळं इंजिन चालू असताना. क्लॅम्प निघाला त्या क्षणी केबिनमधला दिवा एकदम लख्ख झाला आणि गेला. त्याच्याबरोबर जीपीएस गेला, फिशफाइंडर गेला आणि व्हीएचएफ वायरलेसही गेला. तिन्ही मशीन एका झटक्यात बंद. डिझेल इंजिन मात्र आपलं टकटक चालूच, त्याला बॅटरीशी देणंघेणं नाही.

मोबाईलला तिथे रेंज नाही. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सगळ्यांना पाठ आहे, पण लावणार कशावरून? तांडेल जुना माणूस म्हणून निभावलं. होकायंत्र होतं, त्यावर पूर्वेला तोंड धरलं आणि दोरीला शिशाचा गोळा बांधून पाणी मोजत आले. किती वाव पाणी आहे, गोळ्याला चिखल लागून आला की रेती, यावरून त्याने अंदाज बांधला. पहाटे किनाऱ्याचे दिवे दिसले तेव्हा खलाशी रडले म्हणतात. आपल्यातले किती तरुण तांडेल आज नुसत्या होकायंत्रावर आणि वावांवर बोट आणतील? आम्ही कुणाला हिणवत नाही, आम्हालाही जमणार नाही.

नुकसान मोठं झालं. तिन्ही मशीन दुरुस्तीला दाखवली, तर उत्तर मिळालं की बोर्ड जळलाय, नवीनच घ्या. का जळला हे कुणी सांगेना. एकजण म्हणाला खारी हवा, दुसरा म्हणाला माल डुप्लिकेट. आणि या हंगामात अशी मशीन गेलेली ही एकच बोट नाही. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आणखी दोघांनी सांगितलं की त्यांचंही असंच बसल्या जागी गेलं होतं.

आता सिमरोलचं सांगतो. इंदूरपासून खंडव्याच्या रस्त्याला पंचवीसेक किलोमीटरवर सिमरोल नावाचं गाव आहे. तिथे आयआयटी इंदूर आहे, २००९ साली सुरू झालेली. आपल्या बंदरातला एक मुलगा तिथे इलेक्ट्रिकल शिकतो आणि तो याच तांडेलाचा मुलगा. सुट्टीत प्रोजेक्टसाठी तो तिथेच थांबला होता. त्याला बोर्डाचे फोटो पाठवले. तो म्हणाला, "काका, फोटोत नुसता काळा डाग दिसतोय. वस्तू हातात पाहिजे." कुरियर करता आलं असतं. पण त्याच्या आईला पोरासाठी सोडे आणि खाऊ पाठवायचा होता, तांडेलालाही पोराला बघायचं होतं. म्हणून बंदी लागल्यावर आम्ही दोघे अवंतिका एक्सप्रेसने निघालो. एका पिशवीत सोडे आणि दुसऱ्या पिशवीत तीन जळके बोर्ड. इंदूरला स्टेशनबाहेर पोहे-जिलेबी खाल्ली. राजवाड्याच्या बाजूला दोन-तीन दुकानांत मराठी ऐकू आलं. होळकरांचं गाव आहे, नवल नाही, पण समुद्र सोडून इतकं आत आल्यावर बरं वाटलं.

सिमरोलला त्या मुलाने बोर्ड टेबलावर मांडले, भिंग घेतलं आणि मीटर लावला. पहिला फिशफाइंडरचा बोर्ड. वीज जिथून आत येते त्या सॉकेटजवळ तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा एक काळा चौकोनी तुकडा होता. तो मधोमध फुटलेला, आणि त्याच्या मागची व्होल्टेज कमी करणारी चिप जळलेली. मुलगा म्हणाला, "हा बघा पहारेकरी. पहारेकरी मेला आणि चोर आत शिरला." तो तुकडा म्हणजे सप्रेसर डायोड. दुकानात त्याला टीव्हीएस डायोड म्हणतात.

दुसरा बोर्ड जीपीएसचा. त्यातला डायोड फुटला नव्हता, पण आतून दोन्ही टोकं जोडली गेली होती, म्हणजे शॉर्ट. मुलगा म्हणाला की हे बरोबर झालं, डायोडने असंच मरायचं असतं. तो शॉर्ट झाला की बाहेरचा फ्यूज उडतो आणि मशीन वाचतं. मग मशीन का गेलं? त्याने वायरीवरचा फ्यूजचा डबा उघडला. आत फ्यूज नव्हताच, तांब्याच्या तारेचे तीन-चार पदर पिळून बसवलेले. त्यामुळे फ्यूज उडायच्या ऐवजी बोर्डावरची तांब्याची पट्टी जळत गेली. मुलाने मान वर करून बापाकडे बघितलं. तांडेल काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "फेब्रुवारीत उडाला होता. दुसरा नव्हता बोटीवर." ही तार आपल्यापैकी कितीजणांच्या बोटीवर आत्ता बसलेली आहे ते ज्याने त्याने बघावं. आमच्या भावाच्या बोटीवर होती, घरी आल्यावर आम्ही काढली. मशीन जळालं तर पैशावर जातं, पण तिथून वायर पेटली तर लाकडाची किंवा फायबरची बोट आणि आत डिझेल. पुढचं लिहायला नको.

तिसऱ्या मशीनमध्ये, म्हणजे वायरलेसमध्ये, आवाजाच्या आणि वीजपुरवठ्याच्या दोन्ही चिप गेल्या होत्या. ते भंगारात गेलं.

आता झालं काय ते त्याने समजावलं तसं सांगतो. जाळं वर घेताना सगळे जोर लावून दोर खेचत असतात. अचानक दोर तुटला तर काय होतं? खेचणारे मागे आपटतात, कारण अंगातला जोर एकदम थांबत नाही. इंजिनवरच्या अल्टरनेटरचं, ज्याला आपण डायनामा म्हणतो, तसंच आहे. तो बॅटरीत करंट ढकलत असतो. आपण चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढली तर ढकलायला जागाच राहत नाही, पण आतल्या गुंडाळीतलं चुंबकत्व लगेच कमी होत नाही. मग व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. ट्रक आणि मोटारींसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १६७५०, त्यात चाचणीसाठी हा उसळा १२ व्होल्टच्या गाडीत ७९ ते १०१ व्होल्ट आणि २४ व्होल्टच्या गाडीत १५१ ते २०२ व्होल्ट धरलेला आहे. अल्टरनेटरच्या आतच बंदोबस्त नसेल तर तो इतका चढू शकतो, आणि सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त वेळ टिकतो. आपल्याला वाटतं एवढ्याशा वेळात काय होणार. फिशफाइंडरच्या चिपला हजाराव्या हिश्श्यातही मरता येतं.

बॅटरी नुसती वीज साठवत नाही, ती उसळी पिऊनही टाकते. मोठ्या कुंडीत बादली ओतली तर पाण्याची पातळी किती चढेल? नाहीच म्हणा. तीच बादली वाटीत ओता. बॅटरी जोडलेली असेपर्यंत कुंडी, काढली की वाटी. म्हणून टर्मिनल सैल असणं हेसुद्धा धोक्याचं, कारण लाटेच्या प्रत्येक धक्क्याला क्षणभर बॅटरी सुटते आणि परत जुळते. दिवे लुकलुकणं ही त्याची खूण. त्या बोटीवर दोन दिवस ही खूण दिसत होती.

मग हा डायोड काय करतो? तो मशीनच्या प्लस आणि मायनस वायरींच्या मध्ये आडवा बसतो. व्होल्टेज ठीक असताना तो काहीच करत नाही, जणू तिथे नाहीच. व्होल्टेज एका ठरावीक आकड्याच्या वर गेलं की तो क्षणात उघडतो आणि जादा करंट स्वतःमधून परत मायनसला लावून देतो. उसळी उतरली की पुन्हा बंद. डेकच्या कडेला आपण पाणी जायला भोकं ठेवतो ना, लाट आत आली की पाणी तिथून जातं, नाहीतर बोट भरेल. तसं. आणि तो फार चपळ असतो, सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्याच्या आत काम सुरू करतो. घराच्या स्पाइक बस्टरमध्ये चकतीसारखा एमओव्ही असतो, तो २३० व्होल्टच्या लाइनला ठीक. पण प्रत्येक धक्क्याने तो थोडा थोडा झिजतो आणि त्याची पकड सैल असते. १२-२४ व्होल्टच्या नाजूक मशीनला डायोडच बरा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर लोक डायोड लावून निश्चिंत होतील. दुकानात "६०० वॅटचा डायोड" म्हणून जो मिळतो, ते ६०० वॅट फक्त सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या धक्क्यासाठी असतात. पंपाची मोटर बंद केली, हॉर्न वाजवला, रिले सुटला, यातून जे छोटे धक्के येतात ते तो सहज खातो. पूर्ण लोड डंप त्याच्या कुवतीच्या कित्येक पटीने मोठा असतो. तो रोखायला पाच हजार वॅटच्या वरचे जाडे डायोड असतात, एसएम ८ एस नावाची मालिका खास अल्टरनेटरच्या लोड डंपसाठीच निघालेली आहे. पण छोटा डायोड असो की जाडा, पहिली राखण आपल्याच हातात आहे. चालू इंजिनावर बॅटरीला हात लावायचा नाही. दोन बॅटऱ्यांचा फिरवायचा स्विच असेल तर तोसुद्धा इंजिन चालू असताना बंद करायचा नाही. एका बॅटरीवरून दुसरीवर जातानासुद्धा काही स्विच मध्ये क्षणभर दोन्ही सोडतात. आपला स्विच कसला आहे ते माहीत नसेल तर चालू इंजिनावर फिरवायचाच नाही.

आता कुठला डायोड घ्यायचा. इथे बरेच जण फसतील म्हणून जरा सावकाश वाचा.

आपली बॅटरी २४ व्होल्टची म्हणतो, पण चार्ज होताना तिथे २८.८ व्होल्टपर्यंत असतात. १२ व्होल्टची तशीच १४.४ किंवा थोडं वर. डायोड या आकड्याच्या वर झोपलेला पाहिजे, नाहीतर रोजच तापत राहील आणि महिन्याभरात जाईल. आणि फार वरचा घेतला तर मशीन मेल्यावर जागा होईल. प्रत्येक डायोडला तीन आकडे असतात: कितीपर्यंत झोपतो, कितीला उघडतो, आणि पूर्ण धक्क्यात व्होल्टेज कितीवर धरून ठेवतो. उदाहरण म्हणून एसएमबीजे १६ ए घ्या. तो १६ व्होल्टपर्यंत झोपतो, १८-१९ च्या आसपास उघडतो आणि पूर्ण धक्क्यात २६ वर धरतो. १२ व्होल्टच्या बोटीला चांगला.

गोंधळ नावात आहे. एसएमबीजे आणि ५ केपी या मालिकांमध्ये नावातला आकडा म्हणजे झोपायचा आकडा. पी ६ केई आणि १.५ केई या मालिकांमध्ये नावातला आकडा म्हणजे उघडायचा आकडा. म्हणजे ५ केपी ३३ ए हा ३३ व्होल्टपर्यंत झोपतो, आणि १.५ केई ३३ ए हा फक्त २८.२ पर्यंत. दोन्हीवर ३३. दुकानदार "३३ चा आहे साहेब" म्हणून दुसरा देतो. २४ व्होल्टच्या बोटीत तो लावला तर चार्जिंगचे २८.८ त्याच्या झोपेच्या वरच जातात. म्हणून १.५ केई घ्यायचा असेल तर ३६ ए मागा, तो ३०.८ पर्यंत झोपतो. किंवा सरळ ५ केपी ३३ ए. आम्ही सिमरोलहून परत येताना हे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं होतं, तरी मुंबईत दुकानात उभं राहिल्यावर गडबडलो आणि पोराला फोन लावला.

२४ व्होल्टच्या बोटीची आणखी एक अडचण आहे. मशीनच्या मागे १० ते ३५ व्होल्ट असं लिहिलेलं असतं, आणि हे डायोड पूर्ण धक्क्यात व्होल्टेज ५० च्या आसपास धरतात. म्हणजे मध्ये फट राहते. लहान धक्क्यात डायोड ३६-४० वरच धरतो आणि मशीन तेवढं क्षणभर सहन करतं, म्हणून उपयोग आहेच. पण ज्याला खात्रीचं काम हवं त्याने २४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर घ्यावा, ज्याची आतली बाजू जास्त व्होल्टेज सोसते. त्याच्या आधी २४ चा डायोड आणि नंतर १२ चा डायोड. मोठ्या बोटीवर तीन-चार मशीन आहेत त्यांना हे परवडतं. डायोडचं म्हणाल तर चहा-वडापावच्या पैशात येतो, त्यात परवडण्याचा प्रश्नच नाही.

बसवताना डायोडच्या अंगावर पट्टी असते ती बाजू प्लसला. दोन्ही बाजूंनी चालणारा, बिनपट्टीचाही डायोड मिळतो. बोटीच्या डीसी लाइनवर आपण पट्टीवालाच घ्यावा असं आमचं मत झालं. एक कारण म्हणजे कुणी चुकून बॅटरी उलटी जोडली तर पट्टीवाला डायोड लगेच करंट सोडतो, फ्यूज उडतो आणि मशीन वाचतं. दुसरं म्हणजे तो तपासता येतो. लाइनमधून सोडवून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका बाजूने ०.५ ते ०.७ च्या आसपास दाखवतो, उलट बाजूने काही नाही. दोन्हीकडे शून्य दाखवला तर शॉर्ट, दोन्हीकडे काहीच नाही तर तुटला. बिनपट्टीचा चांगला असला काय आणि तुटला काय, मीटर सारखंच दाखवतो.

फ्यूज डायोडच्या आधी, म्हणजे बॅटरीच्या बाजूला. हे उलटं केलं तर सगळं फुकट. डायोड मशीनच्या जवळ आणि त्याचे पाय जेवढे आखूड तेवढे बरे. लांब तारेत धक्क्याच्या वेळी स्वतःचं व्होल्टेज तयार होतं. सेकंदाच्या दशलक्षाव्या हिश्श्यात दहा अँपिअर चढले तर मीटरभर तारेत सुमारे दहा व्होल्ट, ते मशीनच्या डोक्यावर जास्तीचे. एकाने डायोड इंजिनघरात बसवला आणि मशीन वर केबिनमध्ये. कशाला मग?

आणि खारी हवा. उघडा डायोड लावला तर त्याचे पाय एका हंगामात हिरवे होतील. वर आतून गोंद असलेली, गरम करून आकसणारी नळी चढवा. बाथरूमचं सिलिकॉन भरत असाल तर वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं. आंबट वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, ते घ्या. हे आम्हाला सिमरोलला नाही, आपल्याच बंदरातल्या एका वायरमनने सांगितलं. पंधरा वर्षं तो हेच करतोय, आम्ही विचारलंच नव्हतं.

धक्का नेहमी डायनाम्यातूनच येतो असं नाही. हॉर्न, पाणी काढायचा पंप, विंचचा सोलेनॉइड, स्टार्टरचा रिले, जिथे जिथे तारेची गुंडाळी आहे तिथे स्विच बंद करताना ती गुंडाळी उलटा झटका मारते. १२ व्होल्टचा साधा रिलेसुद्धा शेकडो व्होल्टचा झटका देऊ शकतो. त्याला जागच्या जागी थांबवायचं. गुंडाळीच्या दोन टोकांना साधा १ एन ४००७ डायोड आडवा लावला, पट्टी प्लसकडे, की झटका तिथेच जिरतो. मोठ्या मोटरला १ एन ५४०८. ज्या बोटीवर पंप सुरू-बंद झाला की फिशफाइंडरच्या पडद्यावर रेघा येतात किंवा जीपीएस परत चालू होतो, त्यांनी आधी हे करावं.

बंदीच्या या दिवसांत आणखी एक भीती आहे, ती म्हणजे वेल्डिंग. विंचच्या पायाला किंवा गँट्रीला वेल्डिंग चाललेलं असतं आणि मशीन जोडलेलीच असतात. वेल्डिंगचा करंट कुठल्या वायरीतून परत जाईल याचा भरवसा नाही. मशीनचे सॉकेट काढा, अँटेनाची वायरही काढा, इंजिन बंद असताना बॅटरीचं टर्मिनल सोडा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा.

आकाशातल्या विजेला डायोड पुरत नाही. ती हजारो अँपिअरची गोष्ट आहे. वादळात शक्य असेल तर जास्तीच्या मशीनची वायर आणि अँटेना काढून ठेवणं हाच उपाय. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं दामिनी नावाचं अ‍ॅप फोनवर घेऊन ठेवा, आसपास वीज पडायचा इशारा देतं. रेंजमध्ये असेपर्यंतच, हे खरं. आणि हा सप्रेसर डायोड व्हीएचएफच्या अँटेनाच्या वायरीवर कुणी लावू नका, त्याने सिग्नलच मरतो. अँटेनासाठी गॅस भरलेला वेगळा अरेस्टर येतो.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते जी ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली, तिच्यात १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत, खर्च सुमारे ३६० कोटी. रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश जातो-येतो. मेमधल्या त्या रात्री असं एक यंत्र चालू असतं तर घरच्यांना रात्रभर बंदरावर उभं राहावं लागलं नसतं. पण तेच यंत्र त्याच सैल टर्मिनलच्या आणि तार बसवलेल्या फ्यूजच्या लाइनवर जोडलं तर ते उरलेल्या तिघांबरोबरच जाईल. सरकारने दिलेला डबा उघडू नका. त्याला बोटीच्या बॅटरीची वीज दिली असेल तर बाहेरच्या वायरीवर त्याचा वेगळा फ्यूज आणि वेगळा डायोड ठेवा. बाकीच्या मशीनच्या लाइनवर त्याला लटकवू नका.

त्या तांडेलाच्या बोटीवर नवीन वायरिंग झालं आहे. पोरगा आठवडाभर घरी येऊन गेला, बापलेकांनी मिळून केलं. जुन्या फ्यूजच्या डब्यातली ती तांब्याची तार तांडेलाने फेकली नाही, केबिनमध्ये होकायंत्राशेजारी खिळ्याला अडकवली आहे. नवीन खलाशी आला की दाखवतो म्हणतो. शिशाचा गोळासुद्धा बोटीवरच आहे.

जुलैच्या शेवटच्या दोन रविवारी सकाळी सोसायटीच्या बर्फाच्या शेडजवळ आपला वायरमन आणि आम्ही मीटर घेऊन बसणार आहोत. बोटीची बॅटरी, स्विच, फ्यूजचे डबे आणि मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो घेऊन या. बॅटरी १२ ची की २४ ची ते विचारून या, मागच्या वेळी दोघांना माहीत नव्हतं. डायोड आणि योग्य अँपिअरचे फ्यूज सोसायटीने एकत्र आणले आहेत, आणलेल्या भावातच मिळतील. जळके बोर्ड कुणाकडे असतील तर फेकू नका, तेही आणा. सिमरोलच्या मुलाला आणखी बघायचे आहेत.